किती लागले?

कापूसवावर (यवतमाळ जिल्हा):

माझी धाकटी बहीण यंदा पोलीस भरतीत लागली. आमची सहा एकर कोरडवाहू, पराटी (कपाशी) अन् तूर. पोरीनं दोन वर्षं पहाटे साडेचारला उठून गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर धाव काढली. त्या रस्त्याला दिवा नाही, रानडुकरं फिरतात, म्हणून आई बॅटरी घेऊन पुलाजवळ बसायची. मुलींना 800 मीटर, 100 मीटर अन् गोळाफेक मिळून 50 गुण, वर 100 गुणांची लेखी. गोळा विकत घ्यायला पैसे नव्हते तेव्हा तिनं नाल्यातला एक गोल दगड आणला, किराणावाल्याच्या काट्यावर तोलला. चार किलोला थोडा कमी भरला. त्याच्यावर तिनं हात तयार केला. तो दगड अजून आमच्या ओसरीवर आहे.

निवड यादीत नाव आलं आणि बाबांनी पेढे वाटले. शेजारच्या काकांनी पेढा घेतला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, मग बाबांना बाजूला नेऊन हळूच विचारलं, "खरं सांग, किती लागले?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांचा नातूही भरतीची तयारी करतो, त्यांना आकडा पाहिजे होता. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. बाबा म्हणायचे, काहीच नाही लागलं. लोक म्हणायचे, बरं बाप्पा, नको सांगू. एकजण म्हणाला, "तुमचा साडभाऊ जिल्ह्याला हाये न, मग पैसे काहून लागतीन." म्हणजे पैसा नाही तर ओळख. तिसरं काही असू शकतं हे कोणाच्या मनातच आलं नाही. संध्याकाळी बहिणीनं उरलेले पेढे डब्यात घातले आणि म्हणाली, "दादा, आता नका वाटू."

लाचेचं बोलताना आपण नेहमी पैशाचं बोलतो. किती खाल्ले, कोणी खाल्ले. मला वाटते त्याहून मोठी वस्तू आपल्या हातून गेली. कष्टाला कष्ट म्हणून ओळखायची नजर गेली. ज्या गावात प्रत्येक गोष्ट देऊन-घेऊन किंवा कोणाच्या तरी सांगण्यावरून होते, तिथं खरोखर कमावलेल्या माणसाजवळ आपण कमावलं हे सिद्ध करायला काहीच उरत नाही. माझ्या बहिणीचं कोणी काही चोरलं नाही, नोकरी तिलाच मिळाली. तरी तिचं काहीतरी चोरीला गेलं.

आता माझंही सांगतो, नाहीतर हे सगळं खोटं होईल. त्याच महिन्यात आमच्या वाटणीचा फेरफार अडकला होता. नोटीस लागली, हरकतीचे 15 दिवस उलटले, कोणाची हरकत नव्हती. तरी तीन महिने काही हललं नाही. पीककर्जाचे दिवस, बँक माझ्या नावाचा सातबारा मागत होती. तालुक्याच्या एका कार्यालयात मी तीन हजार दिले. माझ्या हातानं दिले. चौथ्या दिवशी नोंद प्रमाणित झाली. रात्री जेवताना बहीण म्हणाली, "दादा, उद्या मी वर्दीत असीन अन् तुझ्यासारखाच माणूस माझ्यासमोर पैसे घेऊन उभा राहिला, तर मी काय करू?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कोणाजवळ आहे का?

---

जुना कास्तकार (हिंगणघाटकडचा):

भाऊ, पहिले तुझ्या बहिणीला आशीर्वाद. पोरीनं नाव काढलं.

पण तुझ्या बाकीच्या म्हणण्याशी मी सहमत नाही. नीती-अनीती हे ज्याला वेळ आहे त्याचं बोलणं आहे. कास्तकाराजवळ वेळ नसतो. पेरणी पंधरा दिवस थांबत नाही, भिजलेली तूर दोन दिवस थांबत नाही.

2017 सालचं सांगतो. त्या हंगामात तूर इतकी झाली की ठेवायला जागा नव्हती. हमीभाव बोनस धरून क्विंटलला 5,050 आणि बाहेर व्यापारी चार हजाराच्या आत मागत होता. खरेदी केंद्रावर बारदाना संपला. मी ट्रॅक्टरखाली आठ रात्री काढल्या. एप्रिलचं ऊन, प्यायचं पाणी विकत, त्यात आभाळ भरून आलेलं. 22 एप्रिलला खरेदी बंद होणार असं सांगत होते. नवव्या दिवशी मी मोजमाप करणाऱ्या माणसाच्या हातात पाचशेच्या काही नोटा ठेवल्या. माझी तूर मोजली गेली. त्या पैशातून पोराची फी भरली, उधारी फेडली. मला त्याची लाज नाही. मी कोणाच्या घरात चोरी केली नाही, माझाच माल माझ्याच भावानं विकायला मी पैसे दिले. ज्यानं मला आठ रात्री बसवलं त्याला विचारा ना नीती. आम्हालाच काहून शिकवता?

---

मेहकरकर:

मी थोडं वेगळं मांडतो. लाच आणि वशिला एकाच दावणीला बांधू नका.

लाच वाईट, मान्य. पण ओळखीनं काम होणं ही आपल्याकडची जगण्याची रीत आहे. माझे काका एका शिक्षण संस्थेच्या मंडळावर होते. 2009 साली त्यांनी मला शिपाई म्हणून लावलं. एक पैसा घेतला नाही. माझे वडील गेलेले, दोन बहिणी लग्नाच्या. त्या पगारावर चार घरं उभी राहिली. काकांनी परक्याला लावलं असतं आणि माझी आई दुसऱ्याच्या वावरात निंदायला गेली असती, तर गावानं काकांना न्यायी म्हटलं असतं का? गाव म्हणालं असतं, सख्ख्या भावाची लेकरं उपाशी आणि हा परक्याचं भरतो.

गरिबाजवळ शेती थोडी, पैसा नाही, इंग्रजी नाही. नातं तेवढं आहे. शहरात वडिलांच्या मित्राच्या कंपनीत पोराला चिकटवतात, त्याला कोणी नाव ठेवत नाही. आमचा मामा, आमचा काका कोणाला शब्द टाकतो तेव्हा मात्र तो भ्रष्टाचार होतो. हे मला पटत नाही.

---

तासिकेवाली (दर्यापूर तालुका):

मेहकरकर दादा, तुमच्या घराला आधार मिळाला याचा आनंदच आहे. आता त्या दाराच्या बाहेर उभं राहिलेलीचं ऐका.

मी एम.एस्सी., बी.एड. एका अनुदानित शाळेत गणिताची जागा निघाली, मुलाखत झाली. सगळे प्रश्न नीट गेले. नंतर बाजूच्या खोलीत बाबूनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं जुनं पान घेतलं, मागच्या बाजूला पेन्सिलनं आकडा लिहिला, माझ्या वडिलांना दाखवला आणि पान फाडून खिशात घातलं. 18. लाख हा शब्द त्यानं तोंडातून काढला नाही, गरजच नव्हती. आमची पाच एकर. वडील परतीच्या एसटीत गावापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, "दोन एकर काढू का?" मी नाही म्हटलं. आज मी तासिकेवर शिकवते. सुट्ट्या लागल्या की पैसे बंद.

ती जागा संस्थाचालकांच्या भाच्याला गेली. मुलगा वाईट नाही, कोणाशी उद्धट बोलत नाही. पण सातवीची त्याची मुलं माझ्याकडे येतात तेव्हा एक छेद दोन आणि एक छेद चार यांची बेरीज दोन छेद सहा लिहितात. सगळा वर्ग तसंच लिहितो, कारण फळ्यावर तसंच होतं. तुम्ही म्हणता काकांनी परक्याचं भरलं नाही. दादा, ती सातवीची तीस-पस्तीस मुलंही कोणाची तरी लेकरं आहेत. त्यांचा काका कुठल्याच मंडळावर नाही.

आणि एक गोष्ट मी रोज बघते. ओळखीनं लागलेला माणूस मिंधा राहतो. त्या भाच्याला मामांपुढे कधीच नाही म्हणता येत नाही. निवडणूक आली की शाळा सोडून गाड्यांमागे फिरायचं. पोषण आहाराचा तांदूळ कमी आला तरी नोंदवहीत पूर्ण लिहायचा. त्याला हे आवडत नाही, त्यानं मला स्वतः सांगितलंय. पण ज्याच्या उपकारावर घर चालतं त्याच्यापुढे मान वर कशी करणार? एक चांगला मुलगा होता तो. त्याचा मणका त्याच्या मामांनीच काढून घेतला.

गाडगेबाबा आमच्याच भागातले, शेंडगावचे. पंढरपूर, नाशिक, आळंदी, जागोजागी धर्मशाळा बांधल्या. लाखो रुपये हातातून गेले. पण घरच्यांना त्यात हक्क ठेवला नाही, बायको-मुली झोपडीतच राहिल्या असं आमच्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात. नातं त्यांनाही होतं. आणि त्यांना उलट्या काळजाचा म्हणणारं माणूस विदर्भात मला एकही भेटलं नाही.

---

मेहकरकर:

ताई, मिंधा हा शब्द लागला. खोटं नाही बोलत. सोळा वर्षांत मी काकांच्या घरच्या प्रत्येक लग्नात पंगती वाढल्या, प्रत्येक निवडणुकीत चिठ्ठ्या वाटल्या, ते माझं प्रेमच होतं असं मी आतापर्यंत धरून चाललो होतो.

पण गाडगेबाबा एखादाच होतो. आणि नातं बाजूला केलं म्हणजे न्याय येतो, हेही खरं नाही. शिक्षक भरती संस्थांच्या हातातून काढून परीक्षा आणि सरकारच्या पवित्र पोर्टलवर नेली. काय झालं? 2019 च्या टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, पैसे घेऊन गुण वाढवले म्हणून परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक झाली, सात हजारांवर उमेदवार बाद झाले. 2025 मध्ये आपल्याच विदर्भात, नागपूर विभागात, शिक्षकांच्या पगाराचे बनावट शालार्थ आयडी निघाले, शिक्षक नसलेल्यांचे पगार सरकारी तिजोरीतून निघत होते, अधिकारी आत गेले. तिथं कुठं काका-मामा होते? तिथं निव्वळ पैसा होता. माझ्या काकांना निदान मी कोण हे माहीत होतं. मी दारू पीत नाही, चोरी करत नाही याची हमी त्यांनी घेतली होती. परीक्षा विकणाऱ्यानं कोणाची हमी घेतली?

---

तासिकेवाली:

परीक्षा विकली गेली ते पकडलं, कारण उत्तरपत्रिका होती, गुण होते, ताडून बघता आलं. तुमच्या काकांच्या आणि त्या मामांच्या मनातलं कशाशी ताडणार? मला कोणत्या गुणात कमी पडले हे विचारायलाही जागा नव्हती.

---

निवृत्त ग्रामसेवक:

31 वर्षे नोकरी केली. आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, माझ्या वेळी ग्रामसेवक. चार तालुके फिरलो. इथले बहुतेक लोक खिडकीच्या बाहेरून बोलताहेत, मी आतून सांगतो.

कापूसवावर, नजर गेली, मन मेलं ही भाषा मला पटत नाही. नजरेनं काही होत नाही, रचनेनं होतं. माणसाला जिथं अडवता येतं तिथं तो अडवतो. साधा सातबारा घ्या. पूर्वी हातानं लिहिलेला उतारा मिळवायला कास्तकार चार चकरा मारायचा, शंभर-दोनशे द्यायचा. आज डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मोबाईलवर निघतो. लिहून देणाऱ्याचं मन बदललं का? नाही. अडवायची जागा गेली. फेरफाराची जागा अजून शिल्लक आहे म्हणून तुमचे तीन हजार गेले.

2015 साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. किती दिवसांत कोणतं काम, कोणाकडे पहिलं अपील, कोणाकडे दुसरं, तिसरं थेट आयोगाकडे, सगळं लिहिलंय. कामात कसूर केली तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड आहे. माझ्या शेवटच्या वर्षांत आमच्या कार्यालयात हा फलक लावलेला होता. त्या फलकापुढे थांबून वाचणारा माणूस मी क्वचितच पाहिला.

आणि वरचंही बोला. खालच्या टेबलावर घेतलेलं सगळं खाली राहत नाही. सोयीच्या गावाला बदली पाहिजे तर द्यावं लागतं, अडचणीच्या गावाहून सुटायचं तर द्यावं लागतं. दिलेलं तो वसूल करतो. पवनीकडे गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली, तेव्हा 372 कोटींचा अंदाज होता. पुढं खर्च हजारो कोटींवर गेला आणि शेताच्या बांधावर पाण्याची वाट पाहण्यात एक पिढी म्हातारी झाली. त्यापुढं तुमचे तीन हजार म्हणजे काय?

एक सांगायचं राहिलं तर मनाला खाईल. मी रोख कधी घेतली नाही, हे मी अभिमानानं सांगत आलो. पण दर दिवाळीला दारात धानाचं, तांदळाचं पोतं येऊन पडायचं. कोणाचं आहे हे मला माहीत असायचं, त्याचं बिल कोणत्या महिन्यात निघालं हेही. मी ते पोतं परत पाठवलं नाही. बायको विचारायची, मी म्हणायचो प्रेमानं दिलंय.

---

कापूसवावर:

साहेब, तुमचं पोत्याचं वाचून मी थांबलो. हे लिहायला हिंमत लागते.

रचनेचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धं. तुम्हीच म्हणता फलक लावला होता आणि कोणी थांबून वाचत नव्हतं. काहून वाचत नव्हतं? कारण लोकांनी आधीच धरलं होतं की हे आपल्यासाठी नाही. मी स्वतः फेरफारासाठी अपील करू शकत होतो. डोक्यात आलंच नाही. डोक्यात पहिला प्रश्न आला तो हाच, किती लागतील? मी याच नजरेचं बोलत होतो.

जुने काका, तुम्हाला एक विचारतो, राग मानू नका. त्या नवव्या दिवशी तुमची तूर मोजली गेली, तेव्हा रांगेत तुमच्या पुढं कोण होतं?

---

धानोरा (गडचिरोली):

आमच्या तालुक्यातलं मेंढा लेखा बघायला या. 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. कोणताही निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. एकाचा जरी विरोध असला तरी पुन्हा बसतात, पुन्हा बोलतात. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक खुद्द केंद्रीय मंत्र्यानं येऊन ग्रामसभेच्या हाती दिलं. त्याआधी आपल्याच जंगलातला बांबू न्यायला कोणाकोणाच्या पाया पडावं लागायचं ते आमच्या बापांना विचारा. बांबू तोच राहिला, सही कोणी करायची ते बदललं. पैसा किती आला, कुठं गेला, सगळ्यांसमोर बोललं जातं. चोरी करायला अंधार लागतो.

---

मेहकरकर:

मेंढा लहान गाव आहे, एका समाजाचं, आणि पिढ्यान् पिढ्या एकत्र बसायची सवय असलेलं. आमच्या गावात चार पक्ष, सात जाती आणि बांधावरून कोर्टात चाललेल्या केसेस. ग्रामसभा वर्षात चारदा कागदावर होते. सह्या घरोघरी फिरून घेतात. सरपंच बाई असली तर खुर्चीवर नवरा बसतो.

---

लाखांदूरची:

मी फार शिकलेली नाही. मोबाईल मुलाचा आहे, तोच टाइप करून देतो. चुकलं तर समजून घ्या.

मालक चार वर्षांपूर्वी गेले. मला घरकुल मंजूर झालं, 1 लाख 20 हजारांचं. हप्त्याहप्त्यानं मिळतं. पाया झाला की फोटो, भिंती वर गेल्या की फोटो. साहेब म्हणतात ऑनलाईन झालं की अडवायची जागा जाते. फोटो ऑनलाईन जातो हे खरं, पण फोटो काढायला माणूस येतो. तो आल्याशिवाय हप्ता नाही. तो येईल म्हणून मी तीन दिवस धान कापणीची मजुरी सोडून घरी बसली. आला तेव्हा म्हणाला बाई, वरपर्यंत द्यावं लागते. मी दोनदा दिले. आता छत टाकायचं आहे. मागच्या पावसाळ्यात भिंतींवर ताडपत्री होती.

घरी स्टीलच्या डब्यात पैसे ठेवते. एका बाजूला सिमेंटचे, एका बाजूला 'त्यांचे'. मुलगा दहा वर्षांचा आहे. परवा शाळेतून आला आणि म्हणाला, मॅडमनं दाखला आणायला सांगितला. मी म्हटलं उद्या जाऊ. तर त्यानं डबा काढला आणि विचारलं, किती द्यायचे? मी त्याला काही शिकवलं नव्हतं.

लोक म्हणतात देणाराही दोषी. मी दोषी आहे का?

---

निवृत्त ग्रामसेवक:

बाई, तुम्ही दोषी नाही.

कायदा नीट सांगतो, कारण यात लोक घाबरतात. 1988 चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 2018 मध्ये बदलला, तेव्हापासून लाच देणं हाही गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण ज्याला द्यायला भाग पाडलं, त्यानं सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर त्याच्यावर गुन्हा नाही. आणि पैसे देण्याआधीच लाचलुचपत विभागाला सांगून सापळा लावला, तर तुम्ही फिर्यादी असता. 1064 हा नंबर आहे, फोनचे पैसे लागत नाहीत.

---

जुना कास्तकार:

साहेब, नंबर सांगणं सोपं आहे. आमच्या बाजूच्या गावात एकानं सापळा लावला होता. बाबू सापडला. त्यानंतर त्या माणसाच्या कागदाला कोणी हात लावेना. प्रत्येक टेबलावर एकच, तुमचं नियमानं होईन. दीड वर्ष नियमानं चाललं. एकट्या बाईला तुम्ही याच्यात घालता?

आणि कापूसवावर, तू विचारलं ते मी दोन दिवस टाळलं.

माझ्या पुढं कोण होतं ते मला चांगलं माहीत आहे. नदीपलीकडच्या गावचा होता. आठ रात्री आम्ही एकाच ताडपत्रीखाली झोपलो. त्याच्या डब्यातली ज्वारीची भाकर मी खाल्ली, माझं पाणी त्यानं पिलं. त्याचा नंबर माझ्या दोन आधी. मी नोटा दिल्या तेव्हा तो चहा प्यायला गेला होता. परत आला तर माझी पोती काट्यावर. तो काही बोलला नाही, माझ्याकडं पाहिलं आणि आपल्या ट्रॅक्टरवर जाऊन बसला. बावीस तारखेला केंद्र बंद झालं तेव्हा त्याची तूर तिथंच होती. नंतर कळलं, व्यापाऱ्याला दिली, क्विंटलमागं हजाराच्या वर तोटा खाऊन.

मी वर लिहिलं की मी कोणाच्या घरात चोरी केली नाही. ते बरोबर नव्हतं. बाजारात तो मला अजून दिसतो. मी रस्ता बदलतो.

तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी देणार नाही, असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही. पोराची फी होती. तुझ्या बहिणीला हे सांग. तिच्यापुढं जो माणूस पैसे घेऊन उभा राहीन, तो हलकट असेलच असं नाही. त्याच्या मागं आठ रात्री असू शकतात. तिनं पैसे घेऊ नये. अन् त्याला नववी रात्र काढायला लावू नये.

---

कापूसवावर:

काका, वाचून दाखवलं तिला. ऐकून काही बोलली नाही. मग म्हणाली, त्या काकांनी नदीपलीकडच्या माणसाला हे सांगितलं का?

---

जुना कास्तकार:

नाही.

---

मेहकरकर:

लाखांदूरच्या ताई, तुमच्याजवळ घरकुलाचं मंजुरीपत्र आणि आधीच्या हप्त्यांची बँक पासबुकातली नोंद आहे ना? मी शिपाई माणूस आहे, पण कार्यालयात कागद कसा फिरतो ते मला माहीत आहे. तपासणीसाठी लेखी अर्ज करा, साध्या कागदावर. दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर तारीख आणि शिक्का घेऊन आपल्याजवळ ठेवायची. तो शिक्का नसला तर तुम्ही अर्ज केलाच नाही असं होतं.

---

तासिकेवाली:

अर्जाचा मजकूर मी लिहून देते, मुलाला वहीत उतरवून घ्यायला सांगा. त्यालाही सोबत न्या. काम पैसे न देता होतं की नाही, हे त्यानं स्वतः बघू दे.

---

लाखांदूरची:

आणि नाही झालं तर? तो काय बघेल?

---

धानोरा (गडचिरोली):

म्हणून एकटी जाऊ नका, ताई. तुमच्या गावात घरकुल मंजूर झालेल्या आणखी बाया असतील. त्यांनाही त्याच माणसाला द्यावं लागलं असेल. बचत गटाच्या बैठकीत विचारा, कोणी किती दिले. दहा-बारा जणी एकाच दिवशी अर्ज घेऊन गेल्या तर कोणा एकीचा कागद वेगळा काढून अडवता येत नाही.

---

लाखांदूरची:

आमच्या गटात आम्ही चौदा जणी आहोत. घरकुल सहा जणींचं आहे. कोणी कोणाला किती दिले हे आम्ही आजपर्यंत एकमेकींना विचारलं नाही. लाज वाटते. शनिवारी बैठक आहे.